इथे पाया पडू नये

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. भाची पाळण्यात असली तरी पडतो आणि तिचे केस पिकले तरी पडतो. पुण्याकडच्या माणसांना हे सांगितलं की ती आधी हसतात आणि मग म्हणतात, "म्हणजे उलटंच की!" मला या बोलण्याचा फार राग येतो. उलटं काय त्यात? बहिणीची लेक म्हणजे घरची देवी, तिच्यापुढे मामाने वाकायचं, इतकी सरळ गोष्ट आहे. नागपूर-वऱ्हाडात ती कोणी कोणाला समजावत बसत नाही. पण हेच वाकणं एकदा माझ्या मामाच्या डोळ्यावर बेतलं होतं. तेव्हा नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती आणि मी तिथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर होते.

मी चालायला लागण्याआधीच माझे वडील गेले. आईने मला काखेत घेतलं आणि हिंगण्याच्या पलीकडचं भावाचं गाव गाठलं; पुढे काही वर्षांत तीही गेली. मामाला मूलबाळ नव्हतं. घरचं शेत होतं, कापूस-तूर पिकायची, खाऊन-पिऊन सुखी घर. मामाने मला वाढवलं, नागपूरच्या शाळेत घातलं, पुढे डॉक्टरीच्या शाळेतही पाठवलं. गावातले लोक म्हणायचे, "पोट्टीले डॉक्टरीण करून काय लोणचं घालता?" मामा उत्तर द्यायचा, "घालीन. तुमाले नाही देणार."

आणि हा माणूस दिवाळीला, संक्रांतीला, मी नागपूरला परत निघाले की दमणीत, म्हणजे आमच्याकडच्या बैलगाडीत, बसण्याआधी, न चुकता माझ्या पाया पडायचा. मला लहानपणापासून त्याची लाज वाटायची. मी धान्याच्या कणगीवर चढून बसायची, मामीच्या मागे लपायची, पाय परकरात ओढून घ्यायची. "माह्या पायाले शेण लागलं आहे, मामा," असं ओरडायची. तो म्हणायचा, "लागू दे वं माय. शेण काही नवं नाही मले." मग घोटा धरून पाय ओढायचा, बोटांना हात लावायचा आणि तो हात कपाळाला न्यायचा.

वाकल्यावर त्याचं आणखी एक काम चालायचं. तो पाय बघायचा. "काटा मोडला तं सांगितलं काहून नाही?" असं खालूनच विचारायचा आणि मामीला सुई आणायला लावायचा. चप्पल आखूड झाली असेल तर पुढच्या बाजाराला नवी यायची. थंडीत पाय उलले तर लोण्याची वाटी पुढे यायची. मला ती नसती चौकशी वाटायची. पाया पडायचं तर पडा आणि मोकळे व्हा, वर पंचनामा कशाला, असं मी त्याला तोंडावर म्हणालेही आहे. तो नुसता हसायचा.

आता दवाखान्याकडे येते. सीताबर्डीच्या अंगाला एका जुन्या बंगल्यात तो होता. पुढे खाटा, मागे शिकवण्याची खोली आणि आवारात कडुनिंबाची झाडं. झाडांखाली रोग्यांच्या घरच्या माणसांच्या चुली पेटलेल्या असत. मोतीबिंदूची माणसं हिवाळ्यात यायची. उन्हाळ्यात जखम चिघळते असं तेव्हा सगळेच मानायचे. त्यामुळे दिवाळी झाली की पार होळीपर्यंत आवारात पाय ठेवायला जागा नसे, आणि भाकरीच्या वासाने आम्हा शिकणाऱ्यांचं लक्ष धड्यावर राहत नसे.

मागच्या खोलीला आम्ही बकराखोली म्हणायचो. सकाळी खाटकाकडून ओल्या फडक्यात गुंडाळलेले बकऱ्याचे डोळे यायचे आणि त्यांच्यावर आमचा हात बसवला जायचा. डोळा लाकडी खोबणीत बसवायचा, लांब अरुंद पात्याची सुरी बुबुळाच्या कडेने आत घालायची आणि एका ओढीत वरचा छेद द्यायचा. हात थरथरला की थोरले डॉक्टर मागून शांतपणे म्हणायचे, "आंधळा झाला. दुसरा घ्या." माझ्यासोबत नागपूरच्याच महाल भागातला एक मुलगा शिकायला होता. घरच्या सोवळ्यामुळे तो संध्याकाळी विहिरीवर अंघोळ करूनच घरात शिरायचा. थंडीत त्याचे दात वाजायचे, पण हात माझ्यापेक्षा चांगला होता. ते मी तेव्हा कबूल केलं नाही, आता करायला हरकत नाही.

थोरले डॉक्टर हे आमचे गुरू आणि दवाखान्याचे प्रमुख. ते पुण्याकडचे. आवाज कधी चढायचा नाही आणि म्हणूनच त्यांची भीती वाटायची. शिकवणं आणि शस्त्रक्रिया यांच्या जोडीला त्यांना एका प्रश्नाचा ध्यास लागलेला होता. त्या काळी मोतीबिंदू काढल्यावर डोळ्याच्या छेदाला आमच्याकडे टाका घालत नसत. छेदाच्या कडा आपोआप चिकटायची वाट बघायची, एवढंच हातात असे. म्हणून रोग्याला दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून उताणं निजवायचं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावायच्या. बोलायचं कमी, हसायचं नाही, खोकायचं नाही, चावायचं नाही. लहान बाळासारखं बोंडल्याने दूध आणि पेज पाजायची. इतकं सांभाळूनही काही डोळे पट्टी सुटायच्या दिवशीच जायचे. सकाळी जखम छान जुळलेली आणि दुपारी उघडलेली. असं का होतं, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी आम्हाला खोकल्यावर पाळत ठेवायला लावली, मग बद्धकोष्ठावर, मग चोरून सुपारी खाणाऱ्यांवर. काही लागेना.

एका सकाळी ते आमच्या डोळ्यांदेखतच कळलं. कळमन्याकडचे एक म्हातारबाबा होते. त्यांची पट्टी मी सोडली. बाबांनी डोळा किलकिला केला. समोर थोरल्या डॉक्टरांचं पांढरं धोतर होतं. "दिसलं बापा, दिसलं!" असं म्हणत ते खाटेवरून सरळ डॉक्टरांच्या पायांवर वाकले. डॉक्टरांनी त्यांना खांद्याला धरून उठवलं तेव्हा डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि ते आसवांचं नव्हतं. छेद उघडला होता. तो डोळा आम्हाला वाचवता आला नाही. संध्याकाळी बकराखोलीत येऊन थोरल्या डॉक्टरांनी छेद दिलेला एक डोळा वाटीत धरला, वाटी हळूहळू कलती केली आणि कुठे उघडतो ते पाहत बसले. मग म्हणाले, "आपल्या देशात डोळा मिळाला की माणूस पहिलं काय करतो, हे आपण पुस्तकात शोधत होतो."

दुसऱ्या दिवशी खोलीच्या दारावर पाटी लागली, 'इथे पाया पडू नये'. मी हसले. ज्यांच्यासाठी लावली त्यांना वाचता येत नव्हतं आणि येत असतं तरी डोळ्यांवर पट्टी होती. मी तसं म्हणूनही टाकलं. माझी जीभ तेव्हा अशीच होती, आताही फारशी बदललेली नाही. थोरले डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "मग उपाय सांगा." उपाय आम्ही सगळ्यांनी मिळून काढला. पट्टी एकट्याने सोडायची नाही. एकाने सोडायची आणि दुसऱ्याने रोग्याच्या कपाळावर तळहात ठेवून उभं राहायचं. माणूस पुढे झुकायला लागला की हाताला आधी कळतं. जोर लावायचा नाही, नुसतं थोपवायचं.

याचा सराव आम्ही एकमेकांवर करायचो. एकाने डोळे बांधून खाटेवर बसायचं आणि मनात येईल तेव्हा नमस्काराला वाकायचं, दुसऱ्याने कपाळ धरायचं. महालातला मुलगा इतका भाविक रोगी व्हायचा की मला हसू आवरायचं नाही. तो देवाचा धावा करत, अंगात आल्यासारखा घुमत, अचानक वाकायचा. पण त्या खेळाने माझा हात तयार झाला. कोणाच्या मानेत नमस्कार येऊन राहिला आहे, हे मला आधी कळायला लागलं. कपाळ धरायचं काम मग बहुतेक वेळा माझ्याकडेच यायचं. ते करता करता मी रोग्यांना सांगायची, डॉक्टरच्या पाया पडू नका, थोरल्या भावाच्या पडू नका, देवाला मनातून हात जोडा. जे जे मोठे, त्या सगळ्यांची नावं मी घ्यायची. भाचीचं नाव घ्यायचं मला सुचलं नाही.

मामाचा एक डोळा आधीच गेला होता. काही वर्षांपूर्वी बाजारात बसणाऱ्या एका सुईवाल्याने मोतीबिंदू उतरवून देतो म्हणून डोळ्यात सुई घातली. थोडे दिवस दिसलं, मग डोळा लाल होऊन कायमचा विझला. मी तेव्हा शाळेत होते. उरलेल्या डोळ्याबद्दल विचारलं की मामा म्हणायचा, "सारं दिसते मले."

त्या वर्षी दिवाळीला मी गावी गेले तेव्हा माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला भली मोठी पट्टी होती. औजारं उकळायचं भांडं पायावर पडून नख उखडलं होतं. मला वाटलं, आता मामा पंचनामा करणार. मी उत्तरही ठरवून ठेवलं होतं. तो वाकला, चाचपडत पाय शोधला, पट्टीवरून हात फिरवून तो कपाळाला लावला आणि उठला. बोलला काहीच नाही. त्याला पट्टी वाटली की चप्पल, कोण जाणे. मी तशीच उभी राहिले. मामीकडे पाहिलं तर तिने पदर तोंडाला लावला होता. "केव्हापासून?" मी विचारलं. ती म्हणाली, "कापूस वेचायच्या आधीपासून. सांगू नको म्हणे तुले."

त्याला दवाखान्यात आणायला मला दिवाळी आणि देवदिवाळी दोन्ही खर्ची घालाव्या लागल्या, असं मी गमतीने म्हणते. सुईची भीती तर होतीच, पण मुख्य अडचण मी होते. "भाचीच्या हातून सेवा घेऊ? माह्यासाठी नरकातही जागा भेटन नाही," असं तो म्हणायचा. भाचीने मामाचं उष्टं ताट उचलायचं नाही, अंग चेपायचं नाही, हे त्याच्या लेखी दगडावरची रेघ होतं. शेवटी मी शपथ घेतली की मी त्याच्या खाटेला हात लावणार नाही. सगळं वॉर्डातला माणूस करील. तेव्हा कुठे दमणी जुंपली गेली.

शस्त्रक्रिया थोरल्या डॉक्टरांनी केली. नात्यातल्या माणसाने टेबलाजवळ उभं राहायचं नाही असा त्यांचा नियम होता. मी बाहेर कडुनिंबाखाली मामीजवळ बसले. मामी जप करत होती आणि मी तिला "जरा हळू जप कर वं" म्हणून उगाच डाफरत होते. महालातला मुलगा बाहेर आला, हसला आणि म्हणाला, "सुरेख झाला." मी त्याला त्या क्षणी डोळ्यांच्या डॉक्टरीतली सगळ्यात मोठी पदवी देऊन टाकली असती. पण खरी परीक्षा पुढेच होती, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? एकच डोळा, त्याला टाका नाही आणि आमचा मामा तर वाकण्यात पटाईत.

पहिले काही दिवस नीट गेले. मी दारातून पाहायची आणि जायची. मामा वाळूच्या पिशव्यांमध्ये डोकं ठेवून शहाण्या मुलासारखा पडून असायचा. मग संक्रांत आली. वॉर्डातला माणूस सणाला घरी गेला. दुसरा पलीकडच्या खोलीत अडकला होता. दुधाची वेळ टळत होती. मी बोंडलं घेतलं, मामाच्या उशाशी बसले आणि न बोलता त्याच्या ओठांना लावलं. शपथ आठवत होती. पण भुकेल्या माणसापुढे शपथ किती वेळ टिकणार?

मामाला वाटलं वॉर्डातलाच माणूस आहे. अर्धं दूध पिऊन तो हळू आवाजात बोलायला लागला.

"तुले एक सांगू का गा? माह्या भाचीले सांगू नको. मले भेव लागून राहिलं."

मी हुं केलं, जाड आवाजात.

"मरणाचं नाही रे. दिवाळीले ती आली तं मले तिचं तोंड दिसलं नाही. आवाजावरून ओळखली. ती इचारे, मामा दिसते का? मी म्हणलं, सारं दिसते. आता हाही डोळा गेला तं ती स्वतःले दोष देईन. म्हणन, मीच मामाले इथं आणलं. तिचा सभाव तापट आहे, पण जीव लई मऊ आहे तिचा. लहानपणी कोंबडीचं पिल्लू मेलं तं दोन दिवस जेवली नाही."

मी बोंडलं खाली ठेवलं. मला तिथून उठून जायला हवं होतं, पण पाय निघेना. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या रोग्याची बायको तिळगूळ वाटत आली. बिचारी प्रत्येकाच्या हातावर एकेक लाडू ठेवत होती. गुळाच्या पक्क्या पाकातले दगडासारखे लाडू. "तिळगूळ घ्या, गोड बोला," म्हणत तिने मामाच्या हातावर ठेवला आणि मामाने तो सरळ तोंडात टाकला. तो लाडू दाढेखाली गेला असता तर कानशिलापासून डोळ्यापर्यंत सगळं हललं असतं.

"मामा, चावू नका! थुंका आधी!" मी ओरडले.

लाडू त्याच्या तोंडातून माझ्या हातावर पडला. मामाचा चेहरा पट्टीखाली कसा झाला ते मी पाहिलं.

"तू होय?" तो म्हणाला. "मघापासून तूच होय वं?"

आणि त्याची मान उशीवरून उचलली गेली. माझा हात आधीच त्याच्या कपाळावर होता. इतक्या सरावानंतर तो आपोआप गेला. मी जोर लावला नाही, नुसतं थोपवलं.

"सोड मले. भाचीच्या हातून दूध पेलो मी. वरतून तोंडातलं उष्टं तुह्या हातावर. पाया पडू दे मले."

"नाही."

"एकदा पडू दे."

"डोळा जाईन, मामा."

"जाऊ दे. पाप तं नाही राहणार डोक्यावर."

मी त्याला शास्त्र सांगितलं, कळमन्याच्या म्हातारबाबांची गोष्ट सांगितली, मामीला बोलावून तिच्याकडून रागावून घेतलं. तो ऐकेना. निजून राहिला, पण तोंड घट्ट मिटलं. पाया पडू देत नाही तोवर पाणीसुद्धा घेणार नाही म्हणाला. त्याहून वाईट म्हणजे पट्टीची कड ओली व्हायला लागली होती. रडणंही त्या डोळ्याला चालणारं नव्हतं.

मी थोरल्या डॉक्टरांकडे धावले. त्यांना आधी काही कळेचना. "मामा तुमच्या पाया पडतो? तुम्ही मामाच्या नाही?" मी म्हणाले, "हो, आमच्याकडे तसंच असतं," आणि माझा आवाज चढला. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "झोपेचं औषध देऊ शकतो. पण जाग आली की पुन्हा तेच. डोकं उचलायचं नाही एवढंच मी सांगू शकतो. बाकी तुमचं तुम्ही जाणा."

मी परत आले ती रागाने फणफणत. मामाचा राग, रीतीचा राग, त्या लाडूचाही राग. कोपऱ्यातलं उंच स्टूल ओढत आणलं. लोखंडी खाटेला खेटून ठेवलं, चप्पल काढली आणि पदर खोचून वर चढले. एका हाताने खिडकीचा गज धरला. महालातला मुलगा दारातून आत येत होता तो तिथेच थांबला. मामी म्हणाली, "काय करून राहिली वं?"

"पाय पाहिजेत ना मामाले?" मी म्हणाले. "मामा, डोकं हलवायचं नाही. हात तेवढा बाजूले करा. पायच वर आला आहे."

आणि मी उजवं पाऊल उचलून खाटेच्या कडेवर, त्याच्या हाताशी ठेवलं. ज्याने मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्याच्या अंथरुणावर मी पाय ठेवला. लिहितानाही अंगावर काटा येतो.

मामाचा हात चाचपडत आला. बोटं माझ्या घोट्याला लागली, तिथून पावलावर आली. माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही. एका पायावर उभी होते, गज घट्ट धरला होता आणि डोळ्यांसमोरचं सगळं धुरकट झालं होतं.

"कपाळाले लावू का?" त्याने विचारलं.

"नाही. छातीले लावा."

त्याने हात छातीला लावला. मग परत पावलावर ठेवला. जसा नेहमी बघायचा तसा आता तो बोटांनी बघत होता. अंगठ्याशी येऊन हात थांबला. तिथे नवं नख वेडंवाकडं येत होतं.

"हे काय वं? केव्हा लागलं?"

"दिवाळीच्या आधी."

"दिवाळीले तं मी पाया पडलो होतो."

"हो."

अंगठा त्याने थोडा वेळ मुठीत धरून ठेवला. मग म्हणाला, "उतर आता. पडशीन. दूध आण उरलेलं." मी खाली उतरले आणि ते दूध मीच पाजलं. त्याने तोंड उघडलं, पण "मामीच्या हाती दे आता बोंडलं" असं बजावलंच.

पट्टी सोडायच्या दिवशी थोरले डॉक्टर स्वतः आले. त्यांनी पट्टी सोडली आणि कपाळ मी धरलं. माझ्या तळहाताला सगळ्या जगातलं दुसरं काही कळत नव्हतं. मामाने डोळा उघडला. चष्म्याशिवाय त्याला सगळं पुसटच दिसणार होतं. डॉक्टरांनी त्याच्यापुढे बोटं धरली, ती त्याने बरोबर सांगितली. मग त्याची मान वळली, माझ्या पांढऱ्या पातळाकडे. मी हात आवळला. पण मान झुकली नाही.

"डॉक्टरसाहेब," मामा म्हणाला, "तिले जरा स्टूल द्या."

थोरले डॉक्टर हसले. मी त्यांना तसं हसताना पुन्हा कधी पाहिलं नाही. पुढे नव्या शिकणाऱ्यांना कपाळ धरायला शिकवताना ते म्हणायचे, "आणि रोगी इकडचा असेल तर आधी विचारून घ्या, भाची आहे का." ते ऐकून पोरं हसायची. मी हसत नसे.

जखम पक्की झाली, होळी झाली आणि मामाला चष्मा मिळाला. बाटलीच्या बुडाइतकी जाड भिंगं. आता वाकायला हरकत नाही, असं थोरल्या डॉक्टरांनी स्वतः सांगितलं. पाडव्याला मी गावी गेले. दमणीतून उतरले तोच मामा ओसरीवरून खाली आला. मी सवयीने मागे सरकले. तो वाकला. चष्मा घसरायला लागला तसा त्याने तो एका हाताने धरला.

"अवो, केवढे मोठे पाय झाले वं तुह्ये!" तो खालूनच म्हणाला. त्या भिंगांतून सगळं मोठं दिसतं, ते त्याला अजून अंगवळणी पडलं नव्हतं.

"चष्म्यानं दिसते तसं. उठा आता, मामा."

"थांब वं. पाहू दे." त्याने पाऊल हातात घेतलं, जरा वळवलं. "टाचा पाहाय कशा फाटल्या. दिवसभर उभी राहतं का तिथं फरशीवर? कोणी बसा म्हणत नाही का तुले?" आणि मामीला हाक मारून म्हणाला, "लोणी आण वं थोडं."

मामी लोणी आणायला आत गेली. दमणीवाला, शेजारची दोन माणसं, सगळे बघत होते. एरवी मी पाय ओढून घेतला असता, चार शब्द सुनावलेही असते. त्या दिवशी मी पाय हलवला नाही. मामाचं पाहून होईपर्यंत तशीच उभी राहिले.